आत्या, तू एकदाच विचारलंस

प्रिय आत्या,

'प्रिय' हा शब्द पत्राची पद्धत म्हणून लिहिला आहे. त्याचा फार अर्थ काढू नकोस. तुला एका शब्दावरून सगळं ठरवून टाकायची सवय होती, म्हणून आधीच सांगते.

तुला जाऊन एक वर्ष आणि दोन महिने झाले. इतक्या दिवसांत मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलले नाही. आज लिहितेय, कारण सोमवारी बाबा मला म्हणाले, "तू तिच्यावर गेलीस!" ओटीवर उभे राहून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. 'ती' म्हणजे तू. गेली चार वर्षं आपल्या घरात तुझं नाव घेत नाहीत. 'ती' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

मी तुझ्यावर गेलेले नाही. ते लिहून ठेवायला हे पत्र.

तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणजे तू असतीस तर हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मी केलं नसतं. त्या मानाने आत्ताची सोय बरी.

तू धवलारीण होतीस. दिघाशीपासून गणेशपुरीपर्यंत आपल्या आगऱ्यांच्या लग्नांत धवला म्हणायला तुलाच बोलवायचे. हळद लावण्यापासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि तू ते म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकायचा नाही. पुढे लग्नात बँजो आले, एवढाले स्पीकर आले, तरी म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "बँजो नाचाला, धवला लगनाला." मी लहानपणी तुझ्या मांडीला टेकून ती गाणी ऐकली आहेत. एकही पाठ नाही. आवाजही नाही. पहिला फरक इथेच नोंदव.

पण लोक तुला घाबरायचे ते गाण्यासाठी नाही. तुझ्या प्रश्नासाठी.

हळदीच्या आधी तू नवरीच्या घरी जायचीस. तिला मागच्या खोलीत न्यायचीस, दार लावायचीस आणि विचारायचीस, "गो पोरी, तुला ह्यो नवरा पायजे का?" हा काही धवल्यातला विधी नव्हता. तुझ्या आधी कुठल्या धवलारणीनं तो केला नव्हता. तो तू स्वतः घातलास. का, ते एकदाच सांगितलं होतंस, वाल सोलता सोलता. "माझे लगनाला पन्नास बायका होत्या. हलद लावली, गानी बोलली, जेवल्या. एकीनं पन इचारला न्हाय." दीड वर्षानं तू सासरहून चालत परत आलीस आणि पुन्हा गेली नाहीस. बाकी काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

उत्तराबद्दलचा तुझा नियम पक्का होता. "होय बोलली तर होय. बाकी काय पन बोलली, तर न्हाय." एका मुलीनं म्हणे तुझा प्रश्न पुरा व्हायच्या आत "होय, होय, होय" म्हटलं, तर तू म्हणालीस, "एकदा पुरे गो, नवरा एकच हाय." ही गोष्ट सांगताना तू स्वतःच इतकी हसायचीस की पुढचं ऐकू यायचं नाही.

आणि मुलीनं 'होय' म्हटलं नाही तर? तर तुझा घसा बसायचा! तीस वर्षांत तुझा घसा चार वेळा बसला, आणि चारही वेळा हळदीच्या आदल्या दिवशी. लोक आल्याचा काढा आणायचे, खडीसाखर आणायचे, तू मान हलवून खुणा करायचीस. धवलारणीशिवाय हळद कशी लावणार? लग्न आठ-पंधरा दिवस पुढे जायचं. तेवढ्यात मुलगी मामाकडे निघून जायची, नाहीतर तिच्या आईला बोलायचं धैर्य यायचं. चारांतली दोन लग्नं मोडली. दोन नंतर झाली आणि बरी चालली आहेत. मी तपासलं आहे.

आता माझ्या बाबतीत काय केलंस ते बघू.

चार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं, महेशशी. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा संपवून भिवंडीत कापड तपासायच्या लॅबमध्ये लागले होते. तो आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचा. लग्नाआधी आम्ही तीन वेळा भेटलो. पहिल्या भेटीत त्यानं मला विचारलं, "कापड ताणून फाडता तेव्हा आधी काय तुटतं? ताणा की बाणा?" म्हणजे उभा धागा की आडवा. आत्या, मला बघायला आलेल्या लोकांनी तोपर्यंत स्वयंपाक, उंची आणि चष्म्याचा नंबर एवढंच विचारलं होतं. मी त्याला वीस मिनिटं उत्तर दिलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि वर म्हणाला, "मग एकदा बघायला यायला पायजे."

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही. मी लग्नाला उभी राहतेय, एवढं पुरेसं आहे असं मी धरून चालले होते.

हळदीला दोन दिवस होते. मी मागच्या खोलीत भाताच्या कणगीला टेकून बसले होते आणि हळदीच्या साडीचे धागे मोजत होते. माझं ते पितळी भिंग तुला आठवत असेल. कापडावर ठेवायचं आणि एका इंचात किती धागे आहेत ते सुईच्या टोकानं मोजायचे. तू आत आलीस आणि दार लावलंस.

"काय मोजतंस गो?"

"धागे."

"किती हायेत?"

"बावन्न."

"बरा. आता ता भिंग खाली ठेव." आणि मग तोच प्रश्न. "तुला ह्यो नवरा पायजे का?"

मी म्हटलं, "बाबांना विचार."

का म्हटलं? मला राग आला होता. दाराबाहेर पंधरा बायका हळद कुटत होत्या, आणि जे मी स्वतःशीसुद्धा शब्दांत बोलले नव्हते ते तू दार लावून माझ्याकडून वसूल करायला आली होतीस. इतर मुलींना तू विचारायचीस, ते मला पटायचं. मला कुणी विचारावं, हे मला पटलं नाही. एवढंच.

तू माझ्याकडे बघितलंस. पुन्हा विचारलं नाहीस. बाहेर गेलीस, पदर खोचलास आणि ओटीवर बसलेल्या सगळ्यांना म्हणालीस, "मी धवला बोलनार न्हाय. पोरीचा मन न्हाय."

बाबा म्हणाले, "बाय, काय बोलतेस तू?"

"जा हाय ता बोलते."

आत्या, चार परक्या मुलींसाठी तुझा घसा बसला. सख्ख्या भावाच्या मुलीसाठी तुला साधं खोटं बोलवलं नाही? घसा बसला असता तर लग्न आठ दिवस पुढे गेलं असतं. त्या आठ दिवसांत मी शांत झाले असते. तुझ्याकडे आले असते आणि सांगितलं असतं. पण आपल्या घरात तुला खरं बोलायची हुक्की आली! तेही अर्धवट खरं.

आमच्या लॅबमध्ये एका ठिकाणी मोजून कापडाचा निकाल देत नाहीत. पाच ठिकाणी मोजतात. काठाजवळ वेगळं येतं, मध्यात वेगळं येतं, घडीवर वेगळं येतं. नव्या पोरालाही पहिल्या दिवशी हे शिकवतात. तू तीस वर्षं माणसं तपासलीस आणि प्रत्येकाला एकदाच विचारलंस.

दुपारपर्यंत महेशच्या घरी बातमी पोचली. त्याचे वडील आले, चहालाही थांबले नाहीत. म्हणाले, "मुलीचा मन नसल तर आमाला जबरदस्ती नको." चांगली माणसं होती, म्हणून लग्न मोडलं. हट्टी असती तर झालं असतं.

आणि मी? मी मागच्या खोलीतच होते. दाराला कडी नव्हती. तिथून ओटीपर्यंत जास्तीत जास्त पंधरा पावलं. बाहेर येऊन मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. मी बोलले नाही. साडी घडी केली आणि भिंग डबीत ठेवलं. हे माझं आहे. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. पण त्यामुळे तुझं तुझ्यावरून उतरत नाही.

तीन महिन्यांनी महेश लॅबवर आला. शुक्रवार होता, लूम बंद होते. एरवी भिवंडीत लूमच्या खडखडाटात माणसं ओरडूनच बोलतात. त्या दिवशी त्याला हळू बोलता आलं.

"एकच विचारायला आलोय. माझ्यात काय कमी होतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी समोरचं कापड घडी करू लागले.

तो म्हणाला, "तुमच्या आत्यानं तुला तरी विचारलं. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी एका दमात सांगितलं असतं."

मी त्याला विचारलं, चहा घेणार का. तो नको म्हणाला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. त्याला आता एक मुलगी आहे.

हे तुला कधी कळलं नाही, कारण मी तुझ्याशी बोलणं बंद केलं होतं. बाबांनी केलं ते घराण्याची अब्रू गेली म्हणून. मी केलं ते तुझं माप चुकलं म्हणून. तू शेताकडच्या खोलीत राहायला गेलीस आणि दोन्ही कारणं तुला सारखीच दिसली असणार.

एकदा तू लॅबवर आली होतीस, आठवतं? एसटीनं, पिशवीत वालाच्या शेंगा घेऊन. वॉचमननं येऊन सांगितलं, "मॅडम, आपकी बुआ आयी हैं." मी म्हटलं, "काम चालू आहे म्हणून सांग." काम होतं, हे खरं आहे. पण तू गेटवर थांबलीस त्या दीड तासाला पुरेल इतकं नव्हतं. संध्याकाळी गेटवर फक्त पिशवी होती. तू काय विचारायला आली होतीस? तोच प्रश्न, दुसऱ्यांदा? मला हे कधीच कळणार नाही. आणि याचा दोष मला तुला देता येत नाही, याचाही मला राग येतो.

त्यानंतरच्या भातकापणीत तू गेलीस. खळ्यावर बसल्या बसल्या, पाणी मागून. मी दहाव्याला आले होते. बायका म्हणत होत्या, "धवला संपला." 

आता सोमवारबद्दल.

तुझा नितीन, माझा धाकटा भाऊ, आता पंचवीस वर्षांचा आहे. अंबाडी नाक्यावरचं बाबांचं बियाण्याचं दुकान तोच बघतो. दीड वर्षापूर्वी दुकानाच्या शटरमध्ये त्याचं बोट सापडलं. नाक्यावरच्या दवाखान्यात तीन टाके पडले. तीन टाक्यांसाठी तो अकरा वेळा ड्रेसिंगला गेला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तिथल्या नर्सचं नाव सुनंदा. गणेशपुरीच्या अलीकडच्या गावातली, बौद्ध. सकाळी ड्युटीवर पोचली की ती त्याला एक मिस्ड कॉल देते, सुटली की दोन. बाबा म्हणायचे, "ह्याचा मोबाईल बिघडलाय, वाजतो नि बंद पडतो." मी ऐकून घ्यायचे.

गेल्या महिन्यात बाबांनी नितीनचं ठरवलं. भिवंडीतलं घर, आपल्या जातीचं, मुलगी चांगली शिकलेली. साखरपुडा या रविवारी. नितीननं मान डोलावली, फोटो बघितला आणि दुकानात जाऊन बियाण्याच्या पिशव्या उगाच इकडच्या तिकडे रचल्या.

तुझा एक मोठा दोष मला तेव्हा दिसला. तीस वर्षांत तू एकाही मुलाला विचारलं नाहीस! तुला वाटायचं, पुरुषाला जे हवं ते तो घेतोच. महेशनं काय घेतलं? नितीन काय घेणार होता? आपल्या घरातले पुरुष शेतीवर, भावावर, राजकारणावर चार तास बोलतील. स्वतःचं लग्न निघालं की मुके.

म्हणून मी विचारलं. तुझ्यासारखं हळदीच्या तोंडावर नाही. साखरपुड्याच्याही आधी, म्हणजे त्या मुलीच्या बोटात अंगठी जायच्या आधी. आणि एकदा नाही. पहिल्यांदा दुकानात विचारलं. मग त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, वाड्याच्या रस्त्यावर. मग नाक्यावर वडापाव खाताना. मग आईसमोर, ताट वाढलेलं असताना. चारही वेळा प्रश्न तोच, "नितीन, तुला ही मुलगी पाहिजे का?" आणि चारही वेळा उत्तर तेच.

"बाबांना विचार."

आत्या, मला तुझा चेहरा दिसला. त्या दिवशी मागच्या खोलीत तुला काय ऐकू आलं असेल, ते मला त्या वडापावाच्या गाडीवर पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणजे पटलं असं नाही.

तुझ्या नियमानं मी इथेच थांबायला हवं होतं. बाहेर जाऊन जाहीर करायला हवं होतं, पोराचं मन नाही. पण माझ्या बाबतीत जे चुकलं ते मी त्याच्या बाबतीत करणार नव्हते. पाचव्यांदा मी त्याला सोमवारी मागच्या खोलीत नेलं, त्याच कणगीजवळ. दार उघडं ठेवलं. बाबा ओटीवर सुपारी कातरत होते.

"नितीन, शेवटचं विचारते. तुला ही मुलगी पाहिजे का?"

"ताई, तुला बोललो ना, बाबांना विचार."

"बरं," मी म्हटलं आणि तिथूनच हाक मारली. "बाबा, जरा आत या!"

नितीनचा चेहरा पडला. "ताई, येडी झालीस काय?"

बाबा अडकित्ता हातात घेऊनच आले. "काय झाला?"

"हा म्हणतो बाबांना विचार, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला ही मुलगी पाहिजे का?"

"मना? माझा लगीन हाय का?"

"नाही ना? मग ज्याचं आहे त्याला विचारूया." मी नितीनकडे वळले. "बाबा इथेच आहेत. दार उघडं आहे. बोल."

आत्या, तो जवळजवळ मिनिटभर गप्प होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कणकेच्या हातानं उंबऱ्यात उभी राहिली. मी प्रश्न पुन्हा विचारला नाही. पुन्हा विचारला असता तर ती सक्ती झाली असती. मग तो म्हणाला, "न्हाय. मना ती नको. मना सुनंदा पायजे."

"कोन सुनंदा?"

"दवाखान्यातली."

बाबांनी त्याच्या बोटाकडे बघितलं. "कोनाची पोर?"

त्यानं सांगितलं. बाबांनी अडकित्ता मिटला. "आपली जात सोडून?"

"हां."

"आन जे घरी शब्द दिलाय, त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा," मी म्हटलं. "अजून साखरपुडा झालेला नाही. आज सांगितलं तर मुलीचं काही बिघडत नाही. रविवारनंतर सांगितलं तर बिघडेल."

बाबा आईकडे वळले. "तू तरी बोल काय!"

आई म्हणाली, "मना कवा इचारलाय कोनी या घरात? आता कशाला इचारताव?"

तेव्हा बाबा ओटीवर गेले आणि ते वाक्य बोलले. तू तिच्यावर गेलीस. तिनं तुझा संसार मोडला, तू भावाचा मोडतेस. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. भिवंडीला फोन मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी केला. स्वतः केला, उभं राहून, आणि तीनदा "माफ करा" म्हणाले. तो आवाज मी ऐकला आहे. त्या आवाजाचं कारण मी आहे, हेही मला माहीत आहे. तरी मी माघार घेणार नाही.

आता सांग, कशी गेले मी तुझ्यावर? तू दार लावायचीस, मी उघडं ठेवलं. तू एकदा विचारायचीस, मी पाच वेळा विचारलं. तू उत्तर स्वतः उचलून बाहेर न्यायचीस, मी ज्याचं त्याला बोलायला लावलं. लोक म्हणतात, दोघींनी लग्नंच मोडली ना? पद्धत बघायची नसेल तर वीज पडूनही झाड मोडतं आणि करवतीनंही.

मी गुरुवारी पत्र इथे थांबवलं होतं. बोलण्यासारखं आणखी काही नव्हतं.

आज रविवार. आज साखरपुडा व्हायचा होता. घरात नारळ आणून ठेवलेले होते, आईनं त्यातला एक फोडून कोलंबीच्या कालवणात घातला. नितीन दुकानात गेला, रविवार असूनही. मी ओटीवर लॅबचे रिपोर्ट तपासत बसले होते. बाबा आले, समोरच्या बाकड्यावर बसले. सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि तेही माझ्याकडे न बघता.

"तो वायरमनचा मास्तर... तुला तो पायजे होता का?"

आत्या, चार वर्षं हा प्रश्न या घरात उभा होता. तू विचारलास त्यानंतर कुणीही विचारला नव्हता.

मी म्हटलं, "होय."

एकदाच म्हटलं. नवरा एकच होता.

बाबा मग म्हणाले, "मंग तवा का न्हाय बोललीस?"

"बाहेर तुम्ही सगळे बसला होतात."

"आमी काय खाल्ला असता तुला?"

"ते तेव्हा मला कसं कळणार, बाबा?"

त्यांनी पानाची चंची उघडली, पान न लावता बंद केली. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, "ती नर्स. तिला इचारलाय का कोनी? का आमचाच पोऱ्या येडा झालाय? तिचे मनात काय हाय, तिचे आईबापाचे मनात काय हाय, कोनी जाऊन बघितलाय का?"

मी रिपोर्ट खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही आत्यावर गेलात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा आवाज चढेल. ते म्हणाले, "माझी सख्खी भैन होती. मी कोनावर जानार मंग?"

'ती' नाही. 'माझी सख्खी भैन'. चार वर्षांत पहिल्यांदा.

तर आता माझं उत्तर ऐकून घे. तू विचारलं होतंस आणि मी दिलं नव्हतं, म्हणून ते अजून माझ्याकडे बाकी आहे. तुला ह्यो नवरा पायजे का? होय, आत्या. पाहिजे होता. तू चुकीचं ऐकलंस आणि मी चुकीचं सांगितलं. त्यात माझी चूक मोठी होती. पण तुझीही होती, आणि तू गेलीस म्हणून ती मी पुसणार नाही. मी तुला माफ केलेलं नाही. तू दुसऱ्यांदा लॅबवर आली असतीस तर केलं असतं का, हे मला सांगता येत नाही. पण त्या वालाच्या शेंगा मी खाल्ल्या होत्या. सगळ्या.

पुढच्या रविवारी मी सुनंदाच्या घरी जाणार आहे. तिला तिच्या आईवडिलांसमोर विचारणार आहे. ती 'होय' म्हणाली तरी तिला सांगणार आहे की घाई नाही, मी पुन्हा येईन. 'नाही' म्हणाली तर नितीनला मी स्वतः सांगेन. मला गाता येत नाही, त्यामुळे माझा घसा बसून काही उपयोग नाही. मला सरळच बोलावं लागेल. बाबा म्हणाले, "मी येनार न्हाय." गणेशपुरीची एसटी कितीला आहे, एवढं मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

आणि हे तुला वचन. या घरात यापुढे ज्याचं लग्न निघेल, मुलगी असो की मुलगा, त्याला विचारलं जाईल. दार उघडं ठेवून विचारलं जाईल, आणि तो बोलेपर्यंत थांबलं जाईल. तुझा प्रश्न मी बंद पडू देणार नाही. तुझी पद्धत मात्र मी बदलली आहे, आणि ती तशीच बदललेली राहील.

तुझ्यावर न गेलेली,
वृषाली